लहान फळझाडे आणि बोरॉन: शोषण, वाटप आणि मात्रेचा हिशोब

खत वेळेवर, पाणी नियमित, कीड-रोगही फारसा नाही, तरी लावून वर्ष-दीड वर्ष झालेले झाड जागच्या जागी उभे. शेंडा आखडलेला, पेरे आखूड, पानांना काळोखी नाही. अशा वेळी आधी नत्र वाढवले जाते, मग जस्ताची फवारणी होते, मग कॅल्शियमची बाटली येते. पान परीक्षण केले तर दोन-तीन अन्नद्रव्ये एकदम कमी निघतात आणि माती परीक्षणात तीच पुरेशी दिसतात. जमिनीत आहे पण झाडात नाही, असा हा प्रकार.

यामागे पाणी साचणे, सूत्रकृमी, मूळकूज किंवा खुंट आणि कलम न जुळणे अशी कारणे असू शकतात, आणि ती आधी तपासायलाच हवीत. ती नसतील तर मात्र बोरॉन या सूक्ष्म अन्नद्रव्याकडे बघा. बोरॉन कमी पडले की त्याचा पहिला फटका मुळीच्या टोकाला बसतो आणि टोक अडले की बाकीच्या अन्नद्रव्यांचे शोषणही अडते. म्हणून लहान झाडातली बोरॉनची कमतरता पुष्कळदा स्फुरद, पालाश किंवा कॅल्शियमच्या कमतरतेचे रूप घेऊन समोर येते. जास्त बोरॉनचेही तसेच आहे. ते मुळ्या आणि पाने जाळते, आणि मग कितीही खत दिले तरी झाड ते उचलत नाही.

या लेखात क्रम असा ठेवला आहे: आधी झाडात काय घडते ते, मग तपासणी आणि शेवटी मात्रा. मात्रेचा आकडा शोधत थेट खाली उतरू नका. तो कसा आणि किती वेळा द्यायचा हे तुमचे झाड बोरॉन फिरवते की पानात अडकवते यावर ठरते (पायरी २).

पायरी १: मुळीत काय घडते ते समजून घ्या

वनस्पतींना बोरॉन आवश्यक आहे हे १९२३ साली इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात कॅथरिन वॉरिंग्टन यांनी ब्रॉड बीन या शेंगवर्गीय पिकावर दाखवून दिले. ते नेमके काय काम करते याचा पक्का पुरावा मात्र १९९६ मध्ये मिळाला. पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनचे दोन धागे बोरॉनचा एक अणू एकमेकांना बांधून ठेवतो. हा टाका पडला नाही तर नवी पेशीभित्तिका फुगते, ठिसूळ होते आणि नीट ताणली जात नाही. जुन्या पेशींची भित्तिका तयार झालेली असते, त्यामुळे त्यांचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते जिथे रोज नव्या पेशी तयार होतात तिथे, म्हणजे मुळीचे टोक, शेंडा, कोवळी पाने आणि खोडातला वाढीचा थर.

मोठ्या झाडाकडे हजारो पांढऱ्या मुळ्या असतात. त्यातल्या काही थांबल्या तरी त्याचे भागते. रोपाकडे त्या मोजक्याच असतात, आणि पिशवीतून किंवा वाफ्यातून काढताना त्यातल्याही बऱ्याच तुटलेल्या असतात. लागवडीनंतर झाड ज्या नव्या मुळ्यांवर तगणार, त्यांनाच बोरॉन सर्वांत आधी लागते. पोषक द्रावणात वाढवलेल्या भोपळावर्गीय रोपांमध्ये बोरॉन काढून घेतल्यावर काही तासांतच मुळीची वाढ मंदावते आणि दिवसभरात जवळजवळ थांबते. पाने त्या वेळी ठणठणीत हिरवी असतात. वरून लक्षण दिसेपर्यंत खाली बराच काळ लोटलेला असतो तो असा.

दुसरा परिणाम पेशीपटलावर होतो. मुळीच्या पेशींच्या पटलात प्रोटॉन बाहेर ढकलणारे पंप असतात आणि त्यांच्या जोरावर मूळ पालाश, स्फुरद, नायट्रेट आत ओढते. बोरॉन कमी पडले की या पंपांचे काम मंदावते. ब्रॉड बीन आणि मक्याच्या मुळ्यांवर १९७० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत बोरॉन-वंचित मुळ्या स्फुरद कमी उचलत होत्या, आणि बोरॉन पुन्हा दिल्यावर तासाभरात शोषण बरेचसे पूर्वपदावर आले होते. एका तासात नवी मुळी फुटत नाही. म्हणजे मुळीची लांबी कमी झाली एवढेच कारण नव्हते, असलेल्या मुळीची उचलण्याची ताकदही घटली होती.

स्वतः बोरॉन आत कसे येते? बहुतेक जमिनींत ते बोरिक ॲसिडच्या रूपात, कोणताही विद्युतभार नसलेल्या कणाच्या स्वरूपात असते. असा कण पटलातून सहज झिरपतो आणि पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर जातो. टंचाई असेल तेव्हा झाड खास वाहक प्रथिने वापरून ते ओढून घेते. असे पहिले वाहक प्रथिन २००२ मध्ये ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपात सापडले. पण जमिनीच्या पाण्यात बोरॉन जास्त असेल तर त्याला बाहेर रोखून धरणे झाडाला फारसे जमत नाही. कमतरता आणि विषबाधा यांतले अंतर इतके कमी असण्याचे हे एक मोठे कारण आहे. आणखी एक गोष्ट इथेच लक्षात घ्या: बोरॉन पाण्याबरोबर येते, त्यामुळे वाफसा गेलेल्या कोरड्या जमिनीत ते असूनही मिळत नाही. उन्हाळ्यात पाण्याचा ताण पडला की पुरेशा बोरॉनच्या जमिनीतही झाडे कमतरता दाखवतात. अशा ठिकाणी उपाय पाणी हा आहे. बोरॉन वाढवून काही होणार नाही.

पायरी २: तुमचे झाड बोरॉन फिरवते की अडकवते?

माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे, आणि खताच्या वेळापत्रकात नेमकी हीच गोष्ट सर्वांत कमी दिसते.

मुळीतून वर आलेले बोरॉन जलवाहिन्यांतून, ज्या पानातून जास्त बाष्पोत्सर्जन होते तिकडे जाते. पाणी उडून जाते आणि बोरॉन पानाच्या टोकाला व कडेला साठते. आता प्रश्न असा, की तिथून ते परत निघून अन्नवाहिन्यांमार्गे शेंड्याला, कळ्यांना, मुळीच्या टोकाला जाऊ शकते का? हे झाडाच्या जातीवर अवलंबून असते, कारण अन्नवाहिन्यांतून कोणती साखर वाहते त्यावर ते ठरते. सफरचंद, नाशपाती, पीच, आलुबुखार, जर्दाळू, चेरी, बदाम या झाडांत सॉर्बिटॉल वाहते आणि ऑलिव्हमध्ये मॅनिटॉल. या साखर-अल्कोहोलांशी बोरॉनची जोडी जमते आणि त्या जोडीने ते कुठेही जाऊ शकते. अक्रोड, पिस्ता, पेकान, अंजीर यांच्यात प्रामुख्याने साधी साखर वाहते, तिच्याशी बोरॉन तसे बांधले जात नाही. त्यामुळे एकदा पानात गेलेले बोरॉन तिथेच राहते. लिंबूवर्गीय झाडेही व्यवहारात याच गटात धरावीत. गंमत म्हणजे तंबाखूच्या रोपात जनुकीय बदल करून सॉर्बिटॉल तयार करायला लावले, तेव्हा एरवी बोरॉन अडकवणारे ते रोप बोरॉन फिरवू लागले. साखरेचाच हा खेळ आहे याचा याहून स्वच्छ पुरावा नको.

तुमचे झाड या यादीत नसेल तर स्वतः शोधता येते. एकाच फांदीवरची जुनी, पूर्ण वाढलेली पाने आणि शेंड्याजवळची कोवळी पाने वेगवेगळी गोळा करून दोन्ही नमुन्यांचे बोरॉन तपासून घ्या. जमिनीत बोरॉन पुरेसे असताना जुन्या पानांत ते कोवळ्यापेक्षा खूप जास्त निघाले तर झाड अडकवणाऱ्या गटातले. दोन्हीकडे सारखे, किंवा कोवळ्या पानांत जास्त निघाले तर फिरवणाऱ्या गटातले. त्या हंगामात बोरॉनची फवारणी झालेली नसावी, नाहीतर आकडे फसवतात.

याचे व्यवहारातले परिणाम मोठे आहेत. अडकवणाऱ्या झाडाला एकदाच भरपूर देऊन भागत नाही, कारण आजच्या पानाला मिळालेले बोरॉन पुढच्या महिन्यातल्या पालवीच्या उपयोगाचे नसते. त्याला मुळीवाटे थोडे-थोडे पण सतत मिळायला हवे. फवारणी केली तर तिचा उपयोग त्या वेळी उघड्या असलेल्या पालवीपुरता, मुळीला त्याचा लाभ जवळपास शून्य. फिरवणाऱ्या झाडात मात्र पानगळीआधी पाने हिरवी असताना केलेली फवारणी कळ्यांत आणि सालीत साठते आणि पुढच्या हंगामाच्या पहिल्या फुटीला कामी येते.

पायरी ३: इतर अन्नद्रव्यांशी असलेले नाते ओळखा

कॅल्शियमपासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथे आहे. दोघेही पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनमध्ये काम करतात आणि कॅल्शियमही मुख्यतः पाण्याच्या प्रवाहातूनच वर जाते. बोरॉन कमी असेल तर कोवळ्या भागातल्या वाहिन्या नीट तयार होत नाहीत आणि मग कॅल्शियम जुन्या पानांत भरपूर पण शेंड्यात कमी अशी अवस्था येते. या स्थितीत कॅल्शियमचे ठिबक वाढवून शेंडा सुधारत नाही. उलट बाजूने पाहिले तर चुना जास्त टाकला की जमिनीचा सामू (pH) वाढतो आणि बोरॉन मातीच्या कणांवर घट्ट चिकटते. हे चिकटणे सामू ९ च्या आसपास सर्वाधिक असते. आम्लधर्मी जमीन सुधारण्यासाठी चुना टाकून लगेच लागवड केली असेल तर पहिल्या वर्षी बोरॉनवर डोळा ठेवायलाच हवा. चुनखडीयुक्त जमिनीत हा प्रश्न कायमचाच.

नत्राचे नाते वेगळे आहे. भरपूर नत्राने पालवी झपाट्याने येते, मुळी मात्र त्या वेगाने बोरॉन पुरवू शकत नाही, म्हणून पानातले प्रमाण पातळ होते. काठावर असलेले झाड नत्राच्या जोरदार हप्त्यानंतर शेंडा मारते ते याचमुळे. दुसरीकडे बोरॉनच्या कमतरतेत नायट्रेटचे शोषण आणि पानात त्याचा वापर, दोन्ही घटतात. त्यामुळे पाने फिकी दिसतात, नत्र आणखी दिले जाते आणि चक्र सुरू राहते.

स्फुरद आणि पालाश यांचा संबंध वर सांगितलेल्या पंपांशी आहे. पान परीक्षणात हे दोन्ही कमी, माती परीक्षणात पुरेसे आणि मुळ्या आखूड, जाड, तपकिरी टोकाच्या असे चित्र असेल तर दोघांच्या मात्रा वाढवण्याआधी बोरॉनचा आकडा मागवा.

जस्त कमी असलेली झाडे बोरॉन जास्त प्रमाणात साठवतात. ज्या बागेत पाण्यातून बोरॉन जास्त येते तिथे जस्ताची कमतरता भरून काढल्यास बोरॉनचा त्रास थोडा सौम्य होतो. जस्त आणि बोरॉन दोन्हींच्या अभावी शेंड्याला पानांचा गुच्छ होतो, त्यामुळे ओळखताना घोळ होतो. जस्ताच्या अभावी पाने लहान, अरुंद, शिरांमधला भाग पिवळा, पण बोटांत वाकवली तर लवचीक. बोरॉनच्या अभावी पाने जाड, वाकडी, चुरचुरीत आणि शेंड्याचा डोळा मेलेला. दोन्ही कमतरता एकत्र असणेही काही दुर्मीळ नाही.

पायरी ४: झाड वाचा, मूळ उकरा

आधी शेंडा पाहा. कमतरतेत वाढीचा डोळा काळवंडतो, त्याच्या खालून दोन-चार डोळे फुटतात आणि काही दिवसांनी तेही मरतात, त्यामुळे झाड झुडूपवजा दिसते. लिंबूवर्गीयांत पानाच्या शिरा जाड होतात, फुगून बुचासारख्या फुटतात. पण शिरा फुटणे हे एकटे लक्षण पुरेसे धरू नका. खोडाला इजा होऊन साल कापली गेली, मूळकूज झाली किंवा ग्रीनिंग रोग असला तरी शिरा तशाच दिसतात. सगळ्यांचे मूळ एकच: पानातली साखर खाली उतरू शकत नाही.

जास्त बोरॉनचे लक्षण झाडाच्या गटानुसार पूर्ण वेगळे असते आणि इथेच भले भले चुकतात. अडकवणाऱ्या झाडात जुन्या पानांचे टोक आणि कडा आधी पिवळ्या, मग करपलेल्या. कोवळी पाने चांगली. लिंबूवर्गीयांत पानाच्या मागच्या बाजूला डिंकाळ ठिपकेही येतात. फिरवणाऱ्या झाडात मात्र पानांच्या कडा करपतीलच असे नाही. तिथे कोवळे शेंडे वाळतात, पानाच्या बगलेत आणि फांदीवर डिंक येतो, साल भेगाळते. म्हणजे पीच किंवा बदामाच्या रोपात शेंडा मेलेला दिसला, तर ती कमतरता असेल किंवा जादा मात्राही असेल. डोळ्यांनी निवाडा करून बोरॉन ओतले तर अर्ध्या वेळा रोगावर विषाचाच उतारा होतो. तपासणीशिवाय इलाज नाही.

मग मूळ बघा. आळ्याच्या कडेला हळूच वीतभर माती काढून पांढऱ्या मुळीची टोके पाहा. पांढरी, निमुळती, लांब टोके असतील तर बोरॉनची तीव्र कमतरता नाही असे समजायला हरकत नाही. आखूड, गाठाळ, तपकिरी टोके असतील तर कारण बोरॉन, सूत्रकृमी, पाणथळपणा किंवा क्षार यांपैकी काहीही असू शकते. सूत्रकृमीच्या गाठी मुळीच्या मध्यावरही दिसतात, तेवढा फरक लक्षात ठेवा.

पायरी ५: माती, पाणी आणि पान तपासा

पाण्यापासून सुरुवात करा. बहुतेक जण शेवटी करतात, पण लहान झाडाच्या बाबतीत जास्तीचे बोरॉन मुख्यतः सिंचनाच्या भूजलातून येते. नमुना प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत घ्या. काही काचेत स्वतःच बोरॉन असते आणि ते पाण्यात उतरू शकते. लिटरला ०.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी बोरॉन असेल तर लिंबासारख्या अतिसंवेदनशील झाडालाही चालते. संत्रे, पीच, जर्दाळू, चेरी, आलुबुखार, अंजीर, द्राक्ष, अक्रोड यांची सहनशक्ती साधारण ०.५ ते ०.७५ पर्यंत. पाण्यातच इतके बोरॉन येत असेल तर खतातून ते पूर्ण बंद ठेवा.

मातीसाठी 'गरम पाण्यात विद्राव्य बोरॉन' ही तपासणी सांगून करून घ्या. ०.५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत अर्धा भाग) खाली कमतरता धरली जाते. रेताड, सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या आणि भरपूर पावसाच्या जमिनीत बोरॉन धुपून खाली जाते, म्हणून नमुना ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर असा दोन थरांत घ्या. अहवालात सामू, सेंद्रिय कर्ब आणि मुक्त चुन्याचे प्रमाण नसेल तर नुसता बोरॉनचा आकडा अपुरा आहे.

पानांसाठी नुकतीच पूर्ण वाढलेली, फळ नसलेल्या फांदीवरची मधली पाने घ्या. सफरचंदात चालू हंगामाच्या फुटीची मधली पाने, लिंबूवर्गीयांत वसंत पालवीची ४ ते ६ महिने वयाची पाने. रोपे लहान असतील तर एका झाडाची पाने ओरबाडू नका, बऱ्याच झाडांवरून एकेक-दोनदोन घेऊन ५० ते १०० भरवा. वाळलेल्या पानात सफरचंदासाठी साधारण २५ ते ५० पीपीएम, लिंबूवर्गीयांसाठी ३६ ते १०० आणि अक्रोडासाठी ३६ ते २०० ही समाधानकारक पातळी मानली जाते. २० च्या खाली बहुतेक फळझाडे अडचणीत असतात. फिरवणाऱ्या झाडात एक धोका आहे: बोरॉन पानातून निघून गेलेले असल्याने जास्तीची मात्रा पानाच्या आकड्यात दिसत नाही. बदामात म्हणूनच फळे लागल्यावर पानाऐवजी फळाची कवचावरची बाहेरची साल तपासतात. फळ नसलेल्या रोपात पानाचा आकडा बरा असूनही शेंडे वाळत असतील, तर पाण्याच्या आणि मातीच्या आकड्यावर जास्त विश्वास ठेवा.

पायरी ६: मात्रेचा हिशोब क्षेत्रफळावर करा

कमतरता सिद्ध झाली असेल तरच पुढे वाचा.

बाजारात मिळणाऱ्या प्रकारांत बोरॅक्स म्हणजे टाकणखारात सुमारे ११ टक्के बोरॉन असते, बोरिक ॲसिडमध्ये १७ ते १७.५ टक्के आणि फवारणीच्या डायसोडियम ऑक्टाबोरेटमध्ये २० टक्क्यांच्या आसपास. शिफारस वाचताना ती बोरॉनची आहे की टाकणखाराची हे आधी बघा. दोन्हींत नऊ पटींचा फरक आहे.

कमतरतेच्या जमिनीत हेक्टरी १ किलो बोरॉन ही सावध मात्रा आहे. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरला ०.१ ग्रॅम बोरॉन, म्हणजेच जेमतेम १ ग्रॅम टाकणखार. एक चौरस मीटरचे आळे असलेल्या रोपाला एवढेच पुरे. आता 'प्रत्येक झाडाला ५० ग्रॅम' ही मोठ्या झाडाची ऐकीव शिफारस याच आळ्यात टाकली तर काय होईल ते पाहू. ५० ग्रॅम टाकणखारात साधारण ५.५ ग्रॅम बोरॉन. वरच्या १५ सेंटिमीटर थरात एका चौरस मीटरखाली अंदाजे २२५ किलो माती असते. म्हणजे मातीत २४ पीपीएमपेक्षा जास्त भर, जिथे ०.५ पीपीएमला आपण पुरेसे म्हणतो. मोठ्या झाडाची मुळी मोठ्या क्षेत्रात पसरलेली असते, मात्राही तेवढ्या क्षेत्रावर विखुरते. रोपाची मुळी सगळी त्या आळ्यातच असते. रोपाच्या जिवावर उठणारी मात्रा आणि उपयोगी मात्रा यांत चमचाभराचाही फरक नसतो, म्हणून मुठीने किंवा अंदाजाने बोरॉन कधीच टाकू नये.

एक ग्रॅम हाताने समान पसरवणे अशक्य आहे. तेव्हा पाण्यात विरघळवून द्या. शंभर झाडांसाठी १०० ग्रॅम टाकणखार थोड्या गरम पाण्यात पूर्ण विरघळवा, ते २०० लिटर पाण्यात मिसळा आणि झाडाला २ लिटर या मापाने खोडापासून दूर, आळ्याच्या बाहेरच्या भागात ओता. जमीन वाफशावर असावी. नंतर हलके पाणी द्या. रेताड जमिनीत हीच मात्रा दोन-तीन हप्त्यांत विभागा. लागवडीच्या खड्ड्यात तळाला टाकणखार टाकण्याची पद्धत मात्र मला अजिबात मान्य नाही, नव्या मुळीला सर्वांत आधी भेटणारी गोष्ट दाट बोरॉनची असू नये.

ठिबक असेल तर भिजणारे क्षेत्र धरा. रोपाभोवती अर्धा चौरस मीटर भिजत असेल तर ०.०५ ग्रॅम बोरॉन, म्हणजे २० टक्के बोरॉन असलेले खत झाडाला ०.२५ ग्रॅम. ४०० झाडांना मिळून १०० ग्रॅम. आकडा इतका लहान वाटतो की हात आपोआप सैल होतो, तो होऊ देऊ नका. तोट्यांतून पाणी कमी-जास्त पडत असेल तर आधी ते दुरुस्त करा, कारण ज्या झाडाला दुप्पट पाणी त्याला दुप्पट बोरॉन. खत सोडल्यावर थोडा वेळ साधे पाणी चालू ठेवा.

पायरी ७: फवारणी

चुनखडीच्या जमिनीत जिथे टाकलेले बोरॉन चिकटून बसते, आणि पाण्याच्या ताणाच्या काळात, फवारणी जलद असते. २० टक्के बोरॉनचे खत लिटरला ०.५ ग्रॅम म्हणजे द्रावणात १०० पीपीएम बोरॉन, रोपांच्या कोवळ्या पालवीला सुरुवात इथून करा. पाने पक्व असतील तर १ ग्रॅमपर्यंत जाता येते, त्यापुढे जाण्याची गरज लहान झाडात सहसा पडत नाही. आधी चार-पाच झाडांवर फवारून आठवडाभर पानांच्या कडा बघा आणि मगच सगळ्या बागेला. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची. द्रावण पानावर जितका वेळ ओले राहील तितके आत जास्त जाते.

अडकवणाऱ्या झाडात प्रत्येक नव्या पालवीवर, पाने अर्धी उघडल्यावर, हलकी फवारणी करावी लागते. त्यातही जमिनीतून पुरवठा सुधारणे हेच मुख्य, फवारणी त्या मधल्या काळापुरती. फिरवणाऱ्या पानगळी झाडांत वर्षाकाठी एक फवारणी फूट वाढत असताना आणि एक पानगळीच्या काही आठवडे आधी, एवढ्यावर भागते.

पंपात मिसळण्याबाबत दोन गोष्टी. टाकणखार आणि ऑक्टाबोरेट पाण्याचा सामू अल्कधर्मी बाजूला नेतात, त्यामुळे अशा पाण्यात विघटित होणारी कीटकनाशके सोबत नकोत. आणि पाण्यात विरघळणाऱ्या पिशवीत येणारी औषधे बोरॉनच्या द्रावणात टाकू नका. ती पिशवी पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची असते, बोरॉनच्या सान्निध्यात ती विरघळण्याऐवजी चिकट जेली होऊन नोझल आणि गाळणी बंद करते. कॅल्शियम नायट्रेट आणि बोरॉन दाट द्रावणात एकत्र केले तर साका बसू शकतो, दोन्ही वेगवेगळ्या दिवशी द्या.

सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण, कॅल्शियम-बोरॉनची बाटली आणि वर स्वतंत्र बोरॉन अशा तीन वाटांनी एकच घटक जात असल्याचे बऱ्याच वेळापत्रकांत दिसते. राख आणि शहरी कचऱ्याच्या कंपोस्टमधूनही ते येते. लेबलवरची टक्केवारी वाचून वर्षभराची एकूण बेरीज कागदावर मांडा. ती हेक्टरी १ किलोच्या हिशोबापेक्षा जास्त भरली तर काहीतरी कमी करा.

पायरी ८: जास्त झाले असेल तर

स्रोत आधी बंद करा. मग निचरा चांगला असल्याची खात्री करून गोड्या पाण्याने जमीन धुऊन काढा. बोरॉन मातीच्या कणांना चिकटते म्हणून साधे क्षार धुवायला लागते त्याच्या सुमारे तिप्पट पाणी लागते, त्यामुळे हे एका पाण्यात होणारे काम नाही. पाणीच बोरॉनयुक्त असेल तर पावसाचे किंवा दुसऱ्या स्रोताचे पाणी मिसळून देण्याचा मार्ग उरतो, आणि पुढच्या लागवडीसाठी सहनशील खुंटाचा विचार करावा लागतो, कारण एकाच फळात खुंटानुसार बोरॉन उचलण्यात बराच फरक पडतो. जस्त कमी असेल तर ते भरून काढा, नत्र थांबवू नका. करपलेली जुनी पाने पुन्हा हिरवी होत नाहीत. सुधारणा बघायची ती पुढच्या पालवीत.

कमतरतेवर उपचार केला असेल तर तपासणीचा क्रम उलटा असतो. दोन-तीन आठवड्यांनी मुळीची टोके पुन्हा उकरून बघा, पांढरी टोके तिथे आधी दिसतात. त्यानंतर शेंड्याची नवी फूट, पेऱ्यांची लांबी. पालवी पक्व झाल्यावर पान परीक्षण पुन्हा करा आणि बोरॉनबरोबर स्फुरद, पालाश, कॅल्शियम, जस्त हेही आकडे मागवा. बोरॉन वाढले आणि त्यांच्यापाठोपाठ हेही वर आले, तर अडथळा बोरॉनचाच होता. त्या अन्नद्रव्यांची वाढवलेली मात्रा आता पूर्ववत करता येईल. बोरॉन वाढूनही बाकीचे जागच्या जागी असतील तर कारण दुसरीकडे आहे, बोरॉन तिथेच थांबवा आणि निचरा, सूत्रकृमी, खुंट-कलमाचा सांधा या यादीकडे परत जा.